जुनी गाडी कूलंट बाहेर फेकते? आधी ती कधी फेकते ते बघा, मग पार्ट बदला

पद्मिनी असो, अ‍ॅम्बेसेडर असो की कुठली जुनी विलायती गाडी, मार्च उजाडला की तक्रार ठरलेली. गाडी लावली की पुढच्या चाकाजवळ हिरवट पाण्याचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचं, डबकं, सकाळी रेडिएटर उघडला की लेव्हल खाली गेलेली, मग परत गळ्यापर्यंत भरायचं आणि संध्याकाळी परत तेच. मग कोणीतरी सांगतं रेडिएटर बदल, कोणी सांगतं वॉटर बॉडी (पाण्याचा पंप) गेली, कोणी थेट इंजिनचं हेड (सिलिंडरवरचा वरचा भाग) उतरवायला सांगतं, आणि खिसा रिकामा झाल्यावरही पाणी येतच राहतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडी पाणी *कधी* फेकते हे नीट बघितलं तर अर्ध्याहून जास्त निदान घरच्या पार्किंगमध्येच होतं. फक्त थंड गाडी भरल्यावर पहिल्या फेरीत फेकते का, साकीनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये उभी असताना फेकते, हायवेला स्पीड धरल्यावर फेकते, इंजिन बंद केल्यावर दोन मिनिटांनी फेकते, की सकाळी थंड इंजिन स्टार्ट केल्याकेल्या बुडबुडे काढते? या पाचही गोष्टींची कारणं वेगळी आहेत आणि इलाजही वेगळे आहेत.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, गरम गाडीचं रेडिएटर कॅप उघडायचं नाही म्हणजे नाही. आतलं पाणी 100 डिग्रीच्या वर असूनही उकळत नसतं कारण वर प्रेशर आहे, कॅप उघडली की प्रेशर गेलं आणि सगळं पाणी एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. प्रेशर कुकरचं झाकण शिट्टी न काढता उघडल्यासारखं आहे ते. वरचा होज पाइप हाताने दाबून बघा, तो गार आणि मऊ लागला तरच जाडं फडकं टाकून कॅप पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, सूं आवाज पूर्ण थांबू द्या, मग दाबून पूर्ण काढा. टेम्परेचर गेजचा काटा खाली आहे म्हणून विश्वास ठेवू नका, पाणी निघून गेलेलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा चक्क नॉर्मल दाखवतो.

पहिलं काम: बाटली बांधा आणि मोजा

जुन्या बऱ्याच गाड्यांना रिझर्व्ह बाटली नसतेच. रेडिएटरच्या गळ्याला एक बारीक नळी असते, ती खाली रस्त्याकडे तोंड करून सोडलेली. या सिस्टिममध्ये वरच्या टाकीत थोडी हवा राहणं हे डिझाइनच आहे. पाणी गरम झालं की फुगतं. 5 लिटर पाणी 30 डिग्रीवरून 90 वर गेलं की साधारण दीडशे मिली वाढतं, कूलंट मिसळलेलं असेल तर अजून थोडं जास्त. तुम्ही गळ्यापर्यंत टम्म भरलंत तर हे वाढलेलं पाणी जाणार कुठे, ते नळीतून बाहेरच येणार. गाडीत काहीही बिघाड नाही, ती स्वतःची लेव्हल स्वतः ठरवते आहे आणि आपण रोज सकाळी परत भरून तिला परत फेकायला लावतोय.

म्हणून एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या, तिच्या तोंडात ती ओव्हरफ्लोची नळी सोडा, तारेने किंवा झिप टायने फॅन आणि बेल्टपासून लांब घट्ट बांधा. तोंड सीलबंद करू नका, हवा जायला जागा हवी. गाडी थंड असताना लेव्हल गळ्याच्या खाली इंचभर ठेवा, रेडिएटरच्या आतल्या ट्यूबा आणि त्यांची जाळी (कोअर) मात्र पाण्याखाली असले पाहिजेत. आता रोजच्यासारखी चालवा, वर भरू नका, फक्त रोज सकाळी लेव्हल बघा आणि बाटलीत किती आलं ते वहीत लिहा. कधी आलं, ट्रॅफिकमध्ये की बंद केल्यावर, तेही लिहा.

पहिल्या एकदोन फेऱ्यांत पेलाभर आलं आणि मग लेव्हल एका जागी थांबली, काटाही ठीक, तर तुमची गाडी धडधाकट आहे. कोणालाही पैसे देऊ नका. लेव्हल रोज खाली जातच राहिली तर पुढे वाचा. आणि लेव्हल जाते पण बाटलीत काहीच येत नाही, तर तो ओव्हरफ्लो नाहीच, लीकेज आहे. होजच्या क्लिपा, वॉटर बॉडीच्या खालचं बारीक भोक, हीटर असेल तर त्याचा कोअर, ब्लॉकच्या (इंजिनच्या मुख्य ओतीव भागाच्या) बाजूचे गंजलेले कोअर प्लग म्हणजे पत्र्याची गोल बुचं, हे एकेक कोरड्या फडक्याने पुसून बघा. कूलंट सुकला की मागे पांढरट हिरवा डाग ठेवतो, तो शोधा.

कॅप, सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

इंजिन बंद केल्यावर दोन चार मिनिटांनी पाणी फेकते, एरवी चालताना ठीक असते, तर पहिला संशय कॅपवर. बंद केल्यावर वॉटर बॉडी फिरायची थांबते, फॅन थांबतो, पण हेडमधली उष्णता तिथेच असते, ती अडकून पडलेल्या पाण्यात उतरते आणि पाण्याचं टेम्परेचर उलट वर जातं. त्या वेळी कॅपने प्रेशर धरलं तर पाणी उकळत नाही. साध्या पाण्याचा हिशोब सांगतो, 7 पौंडाची (दर चौरस इंचाला तेवढं प्रेशर धरणारी) चांगली कॅप असेल तर पाणी जवळजवळ 111 डिग्रीला उकळतं, 13 पौंडाची असेल तर 119 च्या आसपास. कॅप लूज असेल तर मात्र 100 लाच खेळ खल्लास.

कॅप उलटी करून नीट बघा. खालचं रबर कडक झालंय का, त्यावर गोल खाच पडलीये का, स्प्रिंग दाबल्यावर ताकदीने परत येते का, मधला छोटा व्हॅक्यूम व्हॉल्व नखाने ओढला की उघडून परत बसतो का. मग रेडिएटरच्या गळ्यात बोट फिरवा, जिथे हे रबर टेकतं ती पितळी कड गुळगुळीत पाहिजे. बऱ्याच जुन्या रेडिएटरवर तिथे झाळकामाचा एखादा थेंब सांडलेला असतो किंवा कड वाकलेली असते, मग दहा कॅपा बदला, प्रेशर धरणार नाही. सकाळी थंड गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसला तर व्हॅक्यूम व्हॉल्व जाम झालाय असं समजा.

दुकानात कॅप घेताना दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे वर छापलेला आकडा, जो गाडीच्या मॅन्युअलमध्ये आहे तोच घ्यायचा. "जास्त पौंडाची टाका साहेब, पाणीच येणार नाही" असं काउंटरवर हमखास ऐकायला मिळतं. ऐकू नका. चाळीस पन्नास वर्षांपूर्वीचं झाळलेलं पितळी रेडिएटर जास्त प्रेशर घेत नाही, पाणी कॅपमधून यायचं थांबेल आणि टाकीच्या जोडातून येईल, आणि ते बरंच महागात जाईल. दुसरी गोष्ट कॅपची खोली. कॅपच्या पट्टीपासून खालच्या रबरापर्यंतचं अंतर काही कॅपांना पाऊण इंच असतं, काहींना एक इंच. खोल गळ्यावर आखूड कॅप बसवली तर ती वरून घट्ट बसते, फिरवताना बरोबर वाटते, पण आत रबर टेकतच नाही. जुनी कॅप खिशात घालून जा आणि शेजारी ठेवून मोजा. ऑपेरा हाउसला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळते, मात्र डब्यावरच्या गाडीच्या नावावर जाऊ नका, माप बघा.

ट्रॅफिकमध्ये फेकते: प्रश्न हवेचा आहे

एलबीएस मार्गावर घाटकोपरला अर्धा तास रेंगाळताना काटा चढतो आणि पाणी येतं, पण ईस्टर्न फ्रीवेला लागल्यावर काटा आपोआप खाली येतो, याचा अर्थ रेडिएटरमधून पाणी बरं वाहतंय, हवा कमी पडतेय.

फॅन बेल्ट अंगठ्याने दोन पुल्यांच्या मध्ये दाबा, साधारण अर्धा इंच दबला पाहिजे, जास्त दबला तर टाइट करा, आतून चकाकत असेल तर बदला, कारण चकाकणारा बेल्ट घसरतो. मग रेडिएटरची जाळी. मुंबईची धूळ, मेट्रोच्या कामाचं सिमेंट, पावसाळ्यातला चिखल, मेलेले किडे, हे सगळं फिन्समध्ये (ट्यूबांमधल्या पातळ पत्र्यांत) बसून दगड होतं आणि समोरून ग्रिलमधून दिसतही नाही. रात्री इंजिनच्या बाजूने टॉर्च लावा आणि पुढून बघा, उजेड आरपार आला पाहिजे. धुताना पाणी इंजिनकडून पुढच्या बाजूला मारायचं, म्हणजे घाण आली त्या वाटेने परत जाते. साधा नळाचा पाइप आणि मऊ ब्रश पुरे. वॉशिंग सेंटरचं प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, जुन्या फिन्स एका झटक्यात आडव्या होतात. डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना स्पार्क वाटणारा भाग) तेवढी प्लास्टिकची पिशवी बांधा.

रेडिएटरसमोर लावलेले दोन मोठे हॉर्न, फॉग लॅम्प, क्लबचे बिल्ले, हेही हवा अडवतात. आणि फॅनभोवतीचं कव्हर मूळ गाडीला असेल आणि मधल्या काळात कोणी काढून टाकलं असेल तर ते शोधून परत लावा, उभ्या गाडीत त्याचा फार फरक पडतो. बेल्ट, जाळी सगळं ठीक असूनही तापत असेल तर इग्निशन टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) तपासून घ्या, टायमिंग मागे पडलेलं असलं की इंजिन विनाकारण गरम चालतं. मिक्श्चर फार लीन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, असलं तरी तेच.

हायवेला स्पीडवर फेकते: रेडिएटर चोक

हे जरा समजून घेण्यासारखं आहे, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. काटा नॉर्मल असतो, गाडी 40 ला काहीच करत नाही, पण वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर 70-80 ला धरली की पाणी येतं. कॅप नवी टाकली तरी येतं. कारण असं की वॉटर बॉडी आता जोरात फिरतेय, वरच्या टाकीत भसाभस पाणी ढकलतेय, आणि खालच्या ट्यूबा गाळाने अर्ध्या बुजलेल्या असल्याने ते तेवढ्या वेगाने खाली उतरत नाही. वरची टाकी भरते आणि गळ्यातून पाणी बाहेर. उष्णतेचा संबंधच नाही, हा निव्वळ नळ तुंबल्याचा प्रकार आहे.

तपासायला गाडी गरम करून बंद करा आणि रेडिएटरच्या जाळीवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा, लॅमिंग्टन रोडला हे स्वस्तात मिळतं. वरून खाली टेम्परेचर हळूहळू उतरत गेलं पाहिजे, मध्येच एखादा पट्टा गार लागला तर त्या ट्यूबा बंद आहेत. खालचा होजही तपासा, इंजिन रेस करताना तो चपटा होतो का ते कोणालातरी बघायला लावा. तो सक्शनचा होज असतो, मऊ पडला किंवा त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली की स्पीडला आत ओढला जातो आणि पाणीच अडवतो.

ट्यूबा थोड्या बुजलेल्या असतील तर फ्लशने काम होतं. थंड गाडीचा ड्रेन कॉक उघडून सगळं काढा, ब्लॉकचा ड्रेन प्लगही उघडा, रेडिएटरचाच उघडला तर ब्लॉकमधला गाळ तिथेच राहतो. दोन्ही होज सोडून रेडिएटरच्या खालच्या तोंडातून पाणी सोडा, वरून निघू द्या, स्वच्छ येईपर्यंत. ब्लॉकमध्ये मात्र वरून खाली, थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व) काढून. गरम ब्लॉकमध्ये गार पाणी कधीच घालायचं नाही, तडा जातो.

फ्लशने भागलं नाही तर रेडिएटरवाल्याकडे रॉडिंग. यात वरची टाकी झाळ सोडवून उघडतात आणि प्रत्येक ट्यूबमधून पातळ पट्टी आरपार फिरवतात. शक्य असेल तर समोर उभे राहा. टाकी उघडल्यावर आत तपकिरी चिखलाचा थर आणि ट्यूबांच्या तोंडाशी पांढरी खपली चढलेली दिसते, बऱ्याच ट्यूबांत पट्टी पहिल्यांदा शिरतच नाही, कारागीर ती बोटांत फिरवत फिरवत, हलके ठोके देत आत घालतो, मग दुसऱ्या बाजूने भुकटी पडते. टॅक्सीच्या जमान्यात हे काम करणारे हात गल्लोगल्ली होते. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या आणि अशा कारागिरांचं रोजचं कामही आटलं, म्हणून जो चांगला सापडेल त्याचा नंबर जपून ठेवा आणि "आल्युमिनियमचं नवीन टाका" ऐकून मूळ पितळी रेडिएटर भंगारात देऊ नका. काम झाल्यावर तिथेच पाण्यात बुडवून हवेने टेस्ट करून घ्या, प्रेशर कॅपवर छापलंय तेवढंच.

थर्मोस्टॅट काढून फेकू नका

मुंबईत थंडी नाही मग व्हॉल्व कशाला, असं म्हणून निम्म्या जुन्या गाड्यांतून तो काढून टाकलेला असतो. त्याने इंजिन रिकाम्या रस्त्यावर नको तेवढं गार चालतं, पेट्रोल जास्त पितं, आणि काही इंजिनांत बायपासची वाट कायम उघडी राहते म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता आतल्या आत फिरतं. तपासणं सोपं आहे. पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लटकता ठेवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर. त्यावर आकडा कोरलेला असतो, 82 असेल तर साधारण तिथे उघडायला लागून पुढच्या दहाबारा डिग्रीत पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा, नवं पॅकिंग, आणि स्प्रिंग इंजिनच्या बाजूला. ते पातेलं मग स्वयंपाकाला वापरायचं नाही.

थंड इंजिनवर बुडबुडे: आता हेड गॅस्केट

थंड गाडी, कॅप उघडी, स्टार्ट केल्याकेल्या गळ्यात सतत बुडबुडे. किंवा कॅप लावून स्टार्ट केलं आणि मिनिटभरात, पाणी गरम व्हायच्या आतच, वरचा होज दगडासारखा कडक. हे हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग, फुटून सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसत असल्याचं लक्षण. सोबत पांढरा गोडसर वासाचा धूर, डिपस्टिकवर दुधाळ ऑइल, किंवा एकच स्पार्क प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ, यातलं काही असेल तर खात्री वाढते. पण घाई नको, नुकतं पाणी बदललं असेल तर अडकलेली हवाही बुडबुडे काढते, फक्त ती थोड्या वेळाने संपते.

जुनी खात्रीची पद्धत अशी: थंड इंजिन, फॅन बेल्ट काढा म्हणजे वॉटर बॉडी पाणी घुसळणार नाही, थर्मोस्टॅट काढा, त्याच्या हाउसिंगच्या तोंडापर्यंत पाणी भरा, स्टार्ट करून हलकं रेस द्या. बुडबुडे आले तर ते गॅसचेच. मिनिटभरात बंद करायचं, कारण आता थंडावा शून्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे गळ्यावर लावायचा ब्लॉक टेस्टर, त्यातलं निळं केमिकल पेट्रोल इंजिनचा गॅस मिळाला की पिवळं होतं. लेव्हल जरा खाली ठेवा, कूलंट आत ओढला गेला तर टेस्ट वाया.

हेड उतरलंच तर नुसतं गॅस्केट बदलून परत बसवू देऊ नका. पद्मिनीचं हेड आल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक बिडाचा, एकदा जोरात तापली की हेड वाकतं. सरळ पट्टी तिरकी आडवी ठेवून फीलर गेजने बघा, वाकलेलं असेल तर फेसिंग (घासून सपाट करणं), तेही लागेल तेवढंच, कारण प्रत्येक फेसिंगला हेडची जाडी जाते. नट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच. अंदाजाने आवळणाऱ्याला गाडी देऊ नका, त्याचा हात कितीही बसलेला असो.

भरायचं काय आणि कसं

बीएमसीच्या नळाचं पाणी तलावांचं, त्यामानाने मऊ, पण टँकरचं आणि बोअरचं पाणी अजिबात नको, ट्यूबांतली ती पांढरी खपली त्यानेच होते. डिस्टिल्ड वॉटर बॅटरीवाल्याकडे मिळतं, तेच घाला. कूलंटशिवाय नुसतं पाणी घालणंही बरोबर नाही, बीड, पितळ, आल्युमिनियम एकाच पाण्यात आले की गंज धरतो. आपल्याकडे गोठायची भीती नाही, त्यामुळे निम्मं कूलंट घालायची गरज नाही, उष्णता वाहून न्यायला पाणी कूलंटमधल्या ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. कॅनवर लिहिलेलं कमीत कमी प्रमाण पाळा, साधारण एक तृतीयांश पुरतं. कॅन कॉन्सन्ट्रेट आहे की रेडी टू यूज ते वाचा. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. जुन्या झाळलेल्या रेडिएटरला जुन्या पद्धतीचा अजैविक प्रकारचा कूलंट घ्या आणि दर दोन वर्षांनी बदला. दोन प्रकार मिसळू नका.

भरताना गाडीचं नाक वर पाहिजे, सोसायटीच्या पार्किंगचा रॅम्प उत्तम, हँडब्रेक आणि चाकामागे वीट. हीटर असेल तर कॉक उघडा. हळूहळू भरा, वरचा होज दाबत राहा, बुडबुडे निघतील. कॅप उघडी ठेवून स्टार्ट करा, थर्मोस्टॅट उघडला की लेव्हल एकदम खाली बसते, तेव्हा टॉपअप करा आणि कॅप लावा. अडकलेली हवा हे ओव्हरफ्लोचं इतकं कॉमन कारण आहे की निम्मे "हेड गॅस्केट गेलंय" इथेच बरे होतात.

कायमची बाटली लावायची असेल तर

सगळं दुरुस्त झाल्यावरच लावा, बिघाड झाकायला नको. यासाठी कॅप वेगळी लागते, जिच्यात वरच्या झाकणाखालीही एक रबर सील असतं. जुन्या साध्या कॅपला ते नसतं, मग गाडी गार होताना बाटलीतलं कूलंट ओढून घेण्याऐवजी कॅपच्या कडेने हवा ओढते आणि लोक म्हणतात बाटली चालत नाही. नळी बाटलीच्या तळापर्यंत गेलेली, दोन्ही टोकं घट्ट, बाटली रेडिएटरच्या गळ्याजवळच्या उंचीवर. थंड असताना एक तृतीयांश भरा, स्केच पेनने खूण करा. आता रेडिएटर मात्र गळ्यापर्यंत पूर्ण भरायचा, इंचभर कमी ठेवायचा नियम इथे लागू नाही.

पहिली टेस्ट सरळ खंडाळ्याला नेऊ नका. आधी गल्लीत, मग पेडर रोडचा चढ, मग सायन-पनवेल. वाटेत काटा चढलाच आणि पाणी अजून आत असेल तर बाजूला घ्या, हीटर फुल करा, बॉनेट उघडून जरा जास्त आयडलवर मिनिटभर चालू द्या, मग बंद. पाणी गेलेलं असेल तर लगेच बंद करा आणि गार होईपर्यंत थांबा, पाऊण तास लागला तरी.

काढलेलं जुनं कूलंट गटारात किंवा कंपाउंडमध्ये ओतू नका. चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री मांजरी चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात, थोडंसंही पुरतं. सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, उरलेलं झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर ठळक लिहा आणि जुनं ऑइल गोळा करून अधिकृत रिसायकलरला देणारं गॅरेज असेल तिथे विचारून द्या.